‘मस्त आहे’ म्हणायला बंदी!

आपण केलेलं काम दुसऱ्याला दाखवायचं म्हटलं की पोटात गोळा येतोच. मग ते बॉसपुढचं प्रेझेंटेशन असो, नाहीतर बहिणीच्या लग्नाची पत्रिका. आणि समोरचा म्हणतो काय, तर ‘मस्त आहे गं!’ झालं. आपण खूश आणि तोही सुटला. पण त्या ‘मस्त’चं पुढे करायचं काय, हे कुणीच सांगत नाही.

पुण्यात अप्लाइड आर्टला असताना आम्ही चौघींनी यावर एक जालीम उपाय शोधला होता. रात्री मेसचं जेवण झालं की जिचा प्रोजेक्ट, तिनं आपली सगळी स्केचेस हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीवर चिकटवायची आणि दहा मिनिटं तोंड उघडायचं नाही. बाकीच्या तिघींना ‘आवडलं’, ‘नाही आवडलं’ आणि ‘मस्त’ हे शब्द वापरायला सक्त मनाई. फक्त तीनच गोष्टी सांगायच्या. आधी काय दिसलं, त्यातून काय समजलं आणि कुठे अडायला झालं. गप्प बसण्याचा फंडा साधा होता. आपलं डिझाइन लोकांच्या हातात पडतं, तेव्हा शेजारी उभं राहून ‘अहो, म्हणजे त्याचं काय आहे ना...’ असं समजवायला आपण थोडेच असतो?

फायनल इयरला मी प्रोजेक्ट घेतला औषधाच्या पाकिटाचा. केमिस्ट गोळ्या घालून देतो ना, ते खाकी पाकीट. कारण होती साताऱ्याची माझी आजी. तिला दिवसाला पाच गोळ्या आणि त्या ती ओळखायची स्ट्रिपच्या रंगावरून. तीच गोळी दुसऱ्या कंपनीची आली की रंग बदलायचा आणि सगळा हिशेब कोलमडायचा. त्यात स्ट्रिप कापून दिलेली असली, तर नाव एका तुकड्यावर आणि एक्स्पायरीची तारीख दुसऱ्या! दोनदा गोळ्यांची अदलाबदल झाल्यावर घरात ‘आता हिला इकडेच आणू या’ अशी चर्चा सुरू झाली. आजीला तिचं घर, तिची तुळस सोडायची नव्हती. त्यामुळे मार्कांपेक्षा मोठं काहीतरी त्या पाकिटावर अडलं होतं.

असा विचार करणारी मी काही पहिली नव्हे. न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये शिकणाऱ्या डेबोरा अॅडलरच्या आजीनं चुकून आजोबांचं औषध घेतलं होतं. त्यावरून तिनं २००२ मध्ये औषधाच्या बाटलीचं लेबल हाच आपला थीसिस केला आणि २००५ मध्ये ‘टार्गेट’ या दुकानांच्या साखळीनं ‘क्लिअर आरएक्स’ नावानं ती बाटली बाजारात आणली. औषधाचं नाव सगळ्यात वर, ठळक आणि घरातल्या प्रत्येकासाठी वेगळ्या रंगाची रिंग. एका स्टुडंट प्रोजेक्टनं केवढी मजल मारली, बघा! पण आपल्याकडे बहुतेक गोळ्या स्ट्रिपमध्ये येतात आणि पाकीट फुकट मिळतं. म्हणजे माझ्या हाताशी फक्त खाकी कागद आणि एका रंगाची छपाई.

सूर्य उगवतोय की मावळतोय?

पहिल्या रात्री भिंतीवर तीस छोटी स्केचेस लागली. बऱ्याच स्केचेसमध्ये सकाळसाठी उगवता सूर्य होता. नागपूरची मैत्रीण शांतपणे म्हणाली, “मला हा मावळताना दिसतोय.” खरंच की, चित्रात दोन्ही सारखेच! मग आला चहाचा कप. त्यावर दुसरी म्हणाली, “आमच्याकडे चार वाजताही चहा होतो.” शेवटी ‘सकाळ’, ‘दुपार’, ‘रात्र’ हे शब्दच मोठे करायचे ठरले.

आकड्यांचाही असाच किस्सा. देवनागरीतला १ आणि ९ लहान आकारात चटकन वेगळे कळत नाहीत, आणि गोळ्यांच्या बाबतीत ही गंमत परवडणारी नाही. म्हणून आकड्याऐवजी गोल काढून पाहिले. एक गोळी म्हणजे एक भरीव गोल, अर्धी गोळी म्हणजे अर्धा गोल. हे तिघींनाही विचारावं न लागता कळलं.

पण आम्ही सगळ्या एकवीस वर्षांच्या. आमचे डोळे तरणेताठे! मग जुन्या चष्म्याच्या काचांवर व्हॅसलीन चोळून वाचायचा प्रयोग केला. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ पार एक झाले. अक्षरं मोठी करावी लागली आणि त्यांच्यातली जागाही वाढवली. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि निळ्या छटांमधला फरक ओळखणं अवघड जातं, हे वाचल्यावर निळी शाई बाद करून काळी घेतली. एक जण म्हणाली, “आणि लाइट गेले तर?” त्यावर पाकिटाच्या कडेला खाचा आल्या. सकाळला एक, दुपारला दोन, रात्रीला तीन. तिनं डोळे मिटून तिन्ही पाकिटं बरोबर ओळखली, तेव्हा कॉरिडॉरमध्ये इतक्या जोरात टाळ्या पडल्या की रेक्टरबाई वर आल्या.

आजीचा व्हेटो

शनिवारी एसटीनं साताऱ्याला गेले. आजीनं पाकिटं उलटसुलट करून पाहिली, खाचा चाचपल्या आणि विचारलं, “गोळीचं नाव कुठाय? डॉक्टरांनी विचारलं तर काय सांगू, दोन खाचांची गोळी?” आमच्या भिंतीवर हा प्रश्न कधीच आला नव्हता. आम्ही चौघी ते पाकीट सोपं कसं होईल, हे बघत होतो. आजीला सोपं हवंच होतं, पण आपण काय घेतोय हे तिला माहीतही हवं होतं. मग नावासाठी आणि एक्स्पायरीच्या तारखेसाठी मोठी पट्टी आली. तिनं ती स्वतःच्या अक्षरात भरली.

मार्क बरे पडले. गल्लीतल्या केमिस्टनं पाकिटं काही घेतली नाहीत. त्याला जाहिरात छापलेली फुकट मिळत होती. मी स्क्रीन प्रिंटिंगनं दोनशे काढली आणि आजीच्या कपाटात ठेवली. ती पुढे चार वर्षं साताऱ्यातच राहिली.

आता ऑफिसमध्ये डिझाइन मेलवर जातं आणि उत्तर येतं अंगठ्याच्या इमोजीचं. तो बघून छान वाटतं, नाही असं नाही. पण त्यातून पुढचं स्केच निघत नाही. म्हणून पुढच्या वेळी कुणी लॅपटॉप तुमच्याकडे वळवून ‘कसं वाटतंय?’ विचारलं, तर आधी काय दिसलं ते सांगा. आणि विचारणारे तुम्हीच असाल, तर दहा मिनिटं गप्प बसा. पहिली दोन मिनिटं जीव जातो. नंतर सवय होते.