गड चढण्याआधीचा गड

प्रवासवर्णने वाचणाऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली असेल. लेखक पहिल्याच परिच्छेदात गाडीत बसलेला असतो. त्याची वळकटी कोणी बांधली, तिखटमिठाच्या पुड्या कोणी केल्या, घरच्यांचा होकार कसा मिळाला, यांविषयी तो चकार शब्द काढीत नाही. पण कॉलेजातल्या पंचवीस मुलामुलींना घेऊन शनिवार-रविवारच्या मुक्कामाला जायचे असेल, तर गाडी सुटण्यापूर्वीच निम्मा प्रवास झालेला असतो. आणि ही मुले भिवंडीची असतील, तर हा निम्मा प्रवास सगळा चढणीचा!

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. कामवारी नदीकाठच्या या गावात कित्येक गल्ल्यांतून दिवसरात्र मागांचा खडखडाट चालू असतो. आमच्या वर्गात कोणी मोमीन-अन्सारी घरातला, कोणी तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली विणकराचा नातू, कोणी खाडीकाठच्या आगरी-कोळी वस्तीतला. ही सारी मुले तीन वर्षे एका बाकावर बसतात, पण एका पंक्तीला क्वचितच. शिबिराचा बेत मनात आला तो याचसाठी.

ठिकाण ठरवायला वेळ लागला नाही. पडघा ओलांडून नाशिकच्या रस्त्याने आसनगावला पोचले, की तेथून चार-पाच किलोमीटरवर माहुली गाव आणि त्याच्या माथ्यावर गड. उंची सुमारे २८०० फूट. भंडारगड, माहुली आणि पळसगड अशी ही तीन भावंडे. शेजारच्या सुळक्यांना लोकांनी नवरा, नवरी, भटोबा अशी नावे देऊन तेथे कायमचे लग्न लावून ठेवले आहे. १६३६ साली निजामशाही वाचवू पाहणाऱ्या शहाजीराजांना याच गडावर वेढा पडला आणि शेवटी तह करावा लागला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात गड मोगलांकडे गेला. १६७० च्या फेब्रुवारीत मराठ्यांनी तो घेण्याचा प्रयत्न केला, पण किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता, हल्ला फसला. पुढे त्याच वर्षीच्या जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी गड जिंकून घेतला. हे सांगताच एक विद्यार्थी म्हणाला, “म्हणजे सर, त्यांचीसुद्धा तयारी आधी कमीच पडली!” इतिहासाच्या प्राध्यापकांनी काय म्हटले असते कोण जाणे, मला मात्र माझ्या पुढच्या व्याख्यानाचा विषय आयता मिळाला.

पहिल्या सभेत मुलांनी सामानाची यादी केली. तीत गाणी वाजवायचा स्पीकर होता, पत्ते होते, मोबाइल चार्ज करायची तीन साधने होती. दोरी, विजेरी, सुई-दोरा आणि पाणी नव्हते. मी एकच नियम घातला: ज्या वस्तूचे दोन उपयोग सांगता येतील तीच घ्यायची. पंच्याने अंग पुसता येते, डोके बांधता येते, गरम भांडे उतरवता येते. चादर, काठी, ताट, सारी परीक्षेला बसली. स्पीकर नापास झाला.

गडाचा परिसर तानसा अभयारण्यात येतो. तेव्हा वनखात्याची परवानगी, रानात शेकोटी नाही, प्लॅस्टिक नेले तर मोजून परत आणायचे, मुक्काम गडावर न करता पायथ्याच्या गावात, असे सारे कागदावर उतरले. चढायला अडीच-तीन तास, वर टोकाशी लोखंडी शिडी. म्हणून पहाटे निघायचे आणि माणशी तीन लिटर पाणी पाठीवर घ्यायचे. “एवढे?” अशी कुरकुर झाली. तेव्हा मी तानसा धरणाची गोष्ट सांगितली. १८९२ पासून हे पाणी मुंबईला जाते. त्याचे अजस्र नळ आमच्याच भिवंडी तालुक्यातून जातात. आणि ज्या शहापूर तालुक्यातून ते निघते, तेथल्या कित्येक पाड्यांतल्या बायका उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी मैल मैल चालतात. मग पायथ्याच्या विहिरीवर आपण पाहुण्यांनी किती हक्क सांगायचा? कुरकुर थांबली.

स्वयंपाकाचा प्रश्न नाजूक. कोणाला काय चालते, यावर बैठक लांबत चालली. अखेर एक मुलगी म्हणाली, “मुगाची खिचडी सगळ्यांच्याच घरी आजारपणात करतात.” प्रश्न मिटला. एकाच पातेल्यात शिजायचे ठरले. मुलींची निजण्याची सोय गावातल्या शाळेत झाली. आमच्या एक सहकारी बाई सोबत येतात हे कळल्यावर त्यांच्या आयाही निश्चिंत झाल्या. एका वडिलांनी मात्र विचारले, “याला मार्क किती?” मी म्हटले, “मार्क नाहीत. म्हणून तर नेतोय.” ते हसले आणि त्यांनी सही केली.

एकच सही राहिली होती. तो मुलगा वर्गात नेहमी शेवटच्या बाकावर, डोळे ताठ ठेवून बसणारा. रात्री बारा तास माग चालवायचा आणि सकाळी कॉलेजला यायचा. विणले तेवढ्याचेच पैसे. शनिवारची रात्र सोडली तर मजुरी जाणार. आणि माग रिकामा राहिला तर कदाचित कामही. त्याने यादीतून आपले नाव स्वतःच खोडले होते. मी वर्गणीची गोष्ट काढली तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, “सर, पैसे नकोत. बदली पाहिजे.”

मी त्या धंद्यात काय मदत करणार? पण वर्गातल्या दोघांच्या घरी माग होते. त्यांनी आपापसात काय खलबत केले ते मला कळले नाही. शुक्रवारी त्यांपैकी एकाचा थोरला भाऊ येऊन म्हणाला, “सर, त्याच्या मागावर त्या रात्री मी उभा राहतो. मजुरी त्याच्याच नावावर लागेल. मला काही कॉलेज करायला मिळाले नाही; याला गड तरी बघू दे.”

शनिवारी दुपारी एस. टी. स्टँडवर तो आला, तो शुक्रवारची पाळी संपवून, जेमतेम दोन तास झोपून. पिशवीत ताट, पंचा, पाणी, सारे नियमाप्रमाणे. शिवाय काखेत मांजरपाटाची एक लांबलचक घडी. “दोन उपयोग सांग,” मी म्हटले.

“सगळ्यांना एकत्र जेवायला बसता येईल,” तो म्हणाला, “आणि रात्री त्यावरच झोपता येईल.”

पडघा यायच्या आत तो शेजाऱ्याच्या खांद्यावर डोके टाकून गाढ झोपला होता. कोणी त्याला उठवले नाही. गड अजून दिसायचा होता.