चरूळवे

वेरूळचा खरा रविवार मंगळवारी असतो. त्या दिवशी लेणी बंद. घृष्णेश्वराकडची बेल-फुलांची दुकानं चालूच राहतात, पण लेण्यांपाशी माळा, दगडी हत्ती आणि फोटोंचे संच विकणारी घरं तेवढा एक दिवस पाय पसरतात. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मी मे महिनाभर माहेरी होते. पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच चालू होतं. वहिनी म्हणाली, "ताई, मंगळवारी ही पोरं दिवसभर मोबाइलवर लोळतात. कॉम्प्युटरचं काहीतरी शिकवा की त्यांना."

माझा धंदा म्हणजे गिऱ्हाइकाच्या लेखी परवानगीने त्याच्याच वेबसाइटमध्ये घुसायचं आणि कुठून घुसता आलं ते त्याला सांगायचं. तेव्हा पहिल्या मंगळवारी मी ओटीपी, पासवर्ड, अनोळखी लिंक यांवर तासभर बोलले. आठवी ते दहावीची आठ पोरं, भावाच्या दुकानामागची पत्र्याची खोली, पंखा कधी आहे कधी नाही. एकजण बसल्याबसल्या झोपला. त्याला मी दोष देत नाही. पुण्यात असली व्याख्यानं ऐकताना मीही झोपलेली आहे.

दुसऱ्या मंगळवारी मी 'पिकोसीटीएफ' उघडलं. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचं कार्नेगी मेलन विद्यापीठ 2013 पासून शाळकरी मुलांसाठी ही हॅकिंगची स्पर्धा भरवतं. पैसे लागत नाहीत, वय तेरा पूर्ण हवं, आणि जुने प्रश्न वर्षभर सोडवता येतात. लहानपणी आपण रुमाल पळवायचो, त्यातलाच हा प्रकार. प्रत्येक कोड्यात एक 'फ्लॅग' लपवलेला असतो. स्पर्धेचं नाव, पुढे महिरपी कंस आणि त्यात काही अक्षरं-आकडे. तो शोधून चौकटीत टाकला की गुण. लास व्हेगासच्या डेफ कॉन संमेलनात 1996 पासून मोठी माणसं हा खेळ खेळतायत. आमच्याकडे त्यासाठी दोन लॅपटॉप होते, एक माझा आणि एक भाच्याचा.

पहिल्या कोड्यात वेबपानाचा मूळ कोड उघडून बघायचा होता. ते कुणालाही जमतं. गाडी अडली ती गुप्तलिपीच्या कोड्यावर. इंग्रजी वर्णमालेत प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवायचं, एवढंच खरं तर. पण पोरं इंग्रजीच्या धास्तीनेच गप्प. शेवटी मी विचारलं, "चझंमा चवना चयका?"

खोलीत एकदम हशा. च-ची भाषा कुणाला येत नाही! शब्दाचं पहिलं अक्षर उचलून मागे टाकायचं आणि पुढे च लावायचा. वेरूळचं चरूळवे, लेणीचं चणीले. मी म्हटलं, हीसुद्धा गुप्तलिपीच, फक्त नियम वेगळा. मग आम्ही इंग्रजी वेरूळची पाच अक्षरं तेरा-तेरा घरं पुढे नेली. व्हीचा आय झाला, ईचा आर, आरचा ई, यूचा एच, एलचा वाय. फुलवाल्या मावशींची नात वहीत बोट ठेवून बघत होती. "ताई, ई आणि आर यांनी नुसती जागा बदलली." मग थोडं थांबून, "म्हणजे पुन्हा तेरा सरकवलं की मूळ शब्द परत येणार. सव्वीसच तर अक्षरं आहेत." हे मी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने वहीत उतरवून घेतलं असतं, आणि तिथंच राहिलं असतं.

नंतर हुरूप येऊन मी घरचं कोडं केलं. मोबाइलच्या फोटोत तो कुठे काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. तेच फ्लॅग. लेण्यातला एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि ऐटीत बसले. रसवंतीवाल्याच्या मुलाने क्षणभर पाहिलं. "दहा नंबर. सुताराची झोपडी. छताच्या फासळ्या दिसतात ना." बरोबर! पण आकडे कुणालाच मिळेनात. चूक माझीच. व्हॉट्सअ‍ॅप साध्या फोटोतली ती माहिती काढून टाकतं, फाइल म्हणून पाठवला तर राहते. रोजचं काम असून विसरले. दुरुस्त करून पाठवल्यावर त्याने आधी आईच्या मोबाइलमधला स्वतःच्या घराचा फोटो उघडला. नकाशावरची खूण बरोबर त्यांच्या चरकाच्या शेडवर होती. तो बराच वेळ काही बोलला नाही.

स्पर्धेतलं सगळंच मला पटतं असं नाही. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी गुणांची यादी लावली होती. तिसऱ्या मंगळवारी खालच्या दोघी आल्या नाहीत, आणि वरच्या दोघांचे फ्लॅग एकमेकांकडून आलेले निघाले. यादी फाडली. फ्लॅग कसा सापडला ते फळ्यापाशी येऊन सांगितलं तरच तो धरायचा, असं ठरवलं. वहिनीकडून निरोप गेल्यावर दोघी परत आल्या.

एकाचे वडील येऊन विचारून गेले, "हे चोरीचंच शिक्षण म्हणायचं ना?" मी त्यांना 2018 च्या ऑगस्टमधलं पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण सांगितलं. सगळं मिळून 94 कोटी रुपये गेले होते, त्यातले बरेचसे परदेशांतल्या एटीएममधून, बनावट कार्डांवर. ते म्हणाले, "मग कुलूपवाल्यासारखंच हे. शिकवा, पण नजर ठेवा."

एकदा सगळ्यांना काळी-पिवळीत कोंबून देवगिरीला नेलं. खंदक, फसवे दरवाजे, मग अंधारीतला तो वटवाघळांच्या वासाचा बोगदा. गाइडने टेंभा विझवल्यावर पोरं एकमेकांच्या शर्टाला धरून उभी. एवढा बंदोबस्त असून 1296 मध्ये रामदेवरायाला अल्लाउद्दिनापुढे नमावं लागलं. वेढ्यात धान्याची म्हणून आत घेतलेली पोती फोडली तर मीठ निघालं, अशी गोष्ट सांगतात. फुलवाल्यांची नात म्हणाली, "कामून? आत घेताना एकानंही पोतं उघडून बघितलं नाही?" वेबसाइटच्या फॉर्मात आलेला मजकूर तपासून घ्या, हे मी कंपनीतल्या लोकांना वर्षानुवर्षं सांगतेय.

शेवटच्या आठवड्यात गावातल्या एका लॉजचे मालक तावातावाने दुकानात आले. त्यांच्या वायफायचं नाव रातोरात 'चरूळवे' झालं होतं. कुणी केलं हे विचारायची गरजच नव्हती. रसवंतीवाल्याच्या पोराने राउटरच्या बुडाला चिकटवलेला पासवर्ड वाचला, आत शिरला, आणि फ्लॅग लावल्याशिवाय त्याला राहवलं नाही. मी त्याला घरी बसवून आयटी कायद्याचं कलम 66 सांगितलं: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो पांढराफटक पडला. पण माझ्याही पोटात गोळा आला होता. परवानगीचा कागद माझ्या धंद्यात सगळ्यात आधी येतो, आणि पोरांना मी तो दाखवलाच नव्हता.

आम्ही दोघं लॉजवर गेलो. माफी मागितली. मालक निवळले आणि म्हणाले, "आता आलाच आहात तर नवीन पासवर्ड लावून द्या." पोराने पान उघडलं, चौकट दाखवली आणि कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मालक एकेक कळ शोधत, अक्षर मोठ्याने म्हणत टाइप करायला लागले, तेव्हा त्याने दोन्ही कानांत बोटं घातली.