बुंदी आणि निळा ॲप्रन

बुंदी आमच्याकडे आली ती नायगावच्या चाळीतल्या जिन्याखालून. गावठी, तांबूस, एका कानाला कायमची घडी पडलेली. नाव ठेवलं अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. त्यांना मधुमेह असल्यामुळे त्यांच्या वाट्याला आलेली ती एकमेव बुंदी.

पहिली लस जवळच्याच एका दवाखान्यात टोचली. निळा ॲप्रन घातलेल्या मदतनिसाने तिला मानगुटीला धरून स्टीलच्या टेबलावर आपटलं असं म्हणता येणार नाही, पण ठेवलं असंही म्हणवत नाही. सुई शिरली तेव्हा ती गप्प होती. त्याआधी, गुळगुळीत पत्र्यावर चारही पाय चार दिशांना सरकले, तेव्हा मात्र ती किंचाळली. खाली उतरवल्यावर टेबलावर इवल्या पंजांचे ओले ठसे दिसले. कुत्र्याला घाम सुटतो तो तळपायांना, आणि भीतीने सुटतो तसाच. पुढच्या वेळी त्या गल्लीच्या तोंडाशीच तिने बसकण मारली.

शेजारच्या काकूंचं मत पडलं, "लाड करू नकोस. घाबरल्यावर कुरवाळलंस तर जन्माची भित्री होईल." हा समज इतका पक्का आहे की त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. पण तो खोटा आहे. भीती म्हणजे काही शिकवलेली खोडी नव्हे, की बक्षीस मिळालं म्हणून वाढावी. जवळ घेतल्याने पिल्लू सावरत असेल, तर खुशाल घ्यावं.

अण्णांनी वेगळाच दाखला दिला. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, गिरणगावाच्या तोंडी 'बैलघोडा', त्यांच्या लहानपणच्या वाटेवरच होतं. "व्हिक्टोरियाचा घोडा आत शिरायचा नाही गं," ते म्हणाले. "फाटक दिसलं की थबकायचा. त्याला कोणी सांगितलं होतं आत काय आहे ते?"

सांगत असणार ते नाक. स्पिरिट, फिनेल हे वास आपल्यालाही येतात. पण घाबरलेल्या कुत्र्याच्या गुदाशेजारच्या ग्रंथींतून स्राव सुटतो, आणि आधीच्या रोग्याने टेबलावर ठेवून गेलेला तो निरोप पुढच्याला वाचता येतो. म्हणूनच दादरच्या ज्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही नंतर जाऊ लागलो, त्या प्रत्येक कुत्र्यानंतर टेबल नीट पुसून कोरडं करत आणि वर रबरी चटई टाकत. पहिल्या दिवशी तर टेबलाचा प्रश्नच आला नाही. त्या सरळ फरशीवर बसल्या, बुंदीकडे पाठ अर्धी वळवून, आणि माझ्याशीच बोलत राहिल्या.

"ताई, गोची वेळेची आहे," त्या म्हणाल्या. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाची वाटणी करत असतं, हे आपलं, हे परकं, हे घातक. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून हा काळ नोंदला. त्यांचं पुस्तक १९६५ सालचं. आणि लशी सुरू होतात त्याही नेमक्या याच काळात. दीड-दोन महिन्यांपासून चार महिन्यांपर्यंत, दर तीन-चार आठवड्यांनी. त्या टाळाव्यात तर पार्व्हो आणि डिस्टेंपर पिल्लाला सोडत नाहीत. तेव्हा टोचणं चुकणार नाही. टोचण्याखेरीज दवाखान्यात दुसरं काही घडतं का, एवढंच आपल्या हातात.

ते दुसरं काही अण्णांनी मनावर घेतलं. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो, म्हणून डोस पुरे होईपर्यंत तिला रस्त्यावर सोडायचं नव्हतं. अण्णा तिला बाजाराच्या कापडी पिशवीत घालून निघत. दवाखान्यात जायचं, वजनकाट्यावर उभं करायचं, कंपाउंडरच्या हातून उकडलेल्या कलेजीचा तुकडा द्यायचा, घरी यायचं. सुई नाही, थर्मामीटर नाही. (थर्मामीटर कुठे घालतात हे ठाऊक असलेल्याला कुत्र्यांच्या त्यावरच्या रागाचं नवल वाटणार नाही.) बाकावरचे लोक विचारत, "काय झालंय हिला?" अण्णा ऐटीत सांगत, "काही नाही."

घरची शिकवणी माझ्याकडे होती. कान उचलून बघायचा, ओठ वर करून दात बघायचे, एकेक नख दाबायचं, बिनसुईची सिरिंज मानेला टेकवायची. आधी स्पर्श, मग कलेजी, हा क्रम डॉक्टरांनी घोटून घेतला. उलट केलं तर कुत्रं कलेजीवरच संशय घेऊ लागतं. आणि ती ओठ चाटू लागली, उगाच जांभई देऊ लागली, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवू लागली की थांबायचं. गुरगुरणं त्याच्या पुष्कळ नंतर येतं, आणि गुरगुरणाऱ्या कुत्र्याला दटावणारी माणसं मला अजून कळलेली नाहीत. त्याने बिचाऱ्याने चावण्याआधी सांगितलं, हा त्याचा गुन्हा!

बुंदीला दवाखाना आवडू लागला असं मात्र म्हणणार नाही. ती दारातून आत यायची, काट्यावर आपणहून चढायची, टेबलावर थरथरत का होईना उभी राहायची. म्हातारपणी मूत्रपिंडं थकली आणि सलाइनसाठी वरचेवर जावं लागलं. तेव्हा डॉक्टरांनी निघण्याच्या दोन तास आधी गॅबापेंटिनची गोळी द्यायला सांगितली. मला ते आधी जड गेलं. गुंगी देऊन कसली समजूत घालायची! पण त्या म्हणाल्या, भेदरलेल्या जिवाला काहीच शिकता येत नाही, म्हातारीला तर नाहीच. सलाइन चालू असताना ती अण्णांच्या मांडीवर हनुवटी टेकून पडायची.

राहिला तो निळा रंग. पहिल्या दवाखान्यातला तो ॲप्रन तिच्या डोक्यातून कधी गेला नाही, आणि त्याचा भुर्दंड बसला आमच्या गॅसवाल्याला, कारण त्याचा गणवेश निळा. त्या भल्या माणसाने तिच्या लेखी काहीही केलेलं नव्हतं. तरी जिन्यात सिलिंडरचा ठणठणाट झाला की ती पलंगाखाली. शेवटी उपाय त्यानेच काढला. तो उंबऱ्याबाहेर उकिडवा बसायचा, तिच्याकडे न बघता ग्लुकोज बिस्किटाचा तुकडा आत सरकवायचा, आणि ती पलंगाखालून नाक काढेपर्यंत पावती फाडायचा नाही. खालच्या मजल्यावरचे लोक सिलिंडरसाठी खोळंबत आणि आमच्या नावाने ओरडत.