घुमटापासून कौलांपर्यंत
(लेखांक दुसरा)

सोमवार, कलबुर्गी

बीदर सोडून सकाळीच इथे पोचलो आणि थेट किल्ल्यातली जामा मशीद गाठली. मशीद म्हटली की मोकळं अंगण, त्यात वजूचा हौद आणि पश्चिमेला नमाजाचं दालन अशी मांडणी आपल्या डोळ्यांत बसलेली असते. इथे अंगणच नाही. सगळी वास्तू छपराखाली आहे: लहान घुमटांच्या ओळी, चार कोपऱ्यांवर त्याहून मोठे घुमट आणि मिहराबापुढे सर्वांत मोठा. मिनार एकही नाही. शिलालेख 1367 सालचा. त्यात बांधणाऱ्याचं नाव रफी, मूळचा इराणातल्या कझवीनचा.

कडेच्या ओवऱ्यांत बराच वेळ रेंगाळलो. तिथल्या कमानी ऐसपैस, पण खांब इतके बुटके की कमान जमिनीतूनच उगवल्यासारखी वाटते. बाहेरच्या कमानींतून आलेला उजेड आत जाता जाता मंदावत जातो. नक्षी जवळजवळ नाहीच. साध्या गिलाव्यावर सावल्यांचंच काम. एवढा मोठा अवकाश आणि त्यात बडेजाव कसला तो नाही, हे मला फार भावलं.

बुधवार, विजापूर

इथल्या जामा मशिदीत अंगण आहे. पहिल्या अली आदिलशहाने हे काम काढलं, पण दर्शनी मिनार कधी पूर्ण झालेच नाहीत. फरशीवर एकेका नमाज्यापुरते आखलेले चौकोन औरंगजेबाच्या काळातले. मिहराबावरचं सोनेरी लेखन आणि रंगवलेले कोनाडे 1636 चे.

मी मात्र मान वर करून घुमटाखालीच उभा राहिलो. चौकोनी जागेवर गोल घुमट बसवायचा तर मधले कोपरे भरायचे कसे? विजापूरच्या गवंड्यांनी एकमेकींना छेदणाऱ्या कमानी रचल्या. त्या वर जाताना आत झुकतात आणि घुमटाला बसायला अरुंद कडं तयार होतं. घुमटाचा रेटा बाहेर ढकलू पाहतो, तर आत झुकलेल्या बांधकामाचं वजन त्याला आवरून धरतं. पुढे गोलघुमटात हीच युक्ती केवढ्या मोठ्या मापात वापरली गेली!

शुक्रवार, फोंडा

घाट उतरलो आणि पाऊस लागला तो थांबेचना. इथली साफा मशीद 1560 ची, म्हणजे आदिलशाही अमलातलीच. दगड बदलला, हवा बदलली, तशी मशीदही बदलली. घुमट नाही, जांभ्याच्या भिंतींवर दोन्हीकडे उतरतं कौलारू छप्पर. शेजारी जांभ्यातच खोदलेली-बांधलेली मोठी तळी, पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या आणि कडेच्या भिंतींत मिहराबाच्या घाटाचे कोनाडे. कोकणातल्या जुन्या घरात वाढलेल्या माणसाला हे छप्पर परकं वाटूच शकत नाही. चार महिने कोसळणाऱ्या पावसाला जे छप्पर पेलतं, तेच इथे देवळावर, घरावर आणि मशिदीवर चढलं.

रविवार, कोझिकोड

कुट्टिचिरा तळ्याकाठची मिश्काल मशीद लांबून पाहिली तर काहींना ती मशीद वाटणारच नाही. एकावर एक निमुळते होत गेलेले मजले, प्रत्येकावर पुढे आलेली कौलारू पाखी, निळ्या रंगाचं लाकूडकाम. चौदाव्या शतकात मिश्काल नावाच्या अरब नाखुद्याने ती बांधली. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी ती जाळली; मागून ती पुन्हा उभी राहिली. वाऱ्याला वाट देणाऱ्या लाकडी जाळ्या आणि खोल सावली यांमुळे दमट दुपारीही व्हरांड्यात बसवतं.

जवळच मुच्चुंडी मशीद आहे. तिथल्या तेराव्या शतकातल्या शिलालेखात स्थानिक राजाने मशिदीला दिलेल्या दानाची नोंद आहे, अरबीत आणि मलयाळममध्येही. म्हणजे इथल्या राजाने नुसती जागा दिली नाही, तर चालवण्याची सोयही लावून दिली.

व्हरांड्यात भेटलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी म्हणालो, "चाचा, एवढ्या जुन्या लाकडाची देखभाल अवघड जात असेल." ते म्हणाले, "अवघड आहेच. पण पाडून नवं बांधलं, तर आमच्या वडीलधाऱ्यांचा हात परत कुठून आणणार?"

त्यांची काळजी अनाठायी नाही. केरळात अनेक जुन्या कौलारू मशिदी पाडून तिथे सिमेंटचे घुमट आणि उंच मिनार उभे राहिले आहेत. मशीद अशीच दिसायला हवी, ही समजूत त्यामागे असते. पण धर्माला इमारतीकडून हवं असतं ते थोडंच: किब्ल्याची दिशा, वजूला पाणी, ओळीने उभं राहायला स्वच्छ जागा. बाकी सगळं ठरवलं ते त्या त्या गावच्या पावसाने, दगडाने, लाकडाने आणि कारागिरांच्या हातांनी. म्हणून कलबुर्गीची मशीद जितकी अस्सल, तितकीच फोंड्याची आणि तितकीच कुट्टिचिराची. जुनं छप्पर गळतं म्हणून दुरुस्त करावं. ते मशिदीसारखं दिसत नाही म्हणून उतरवू नये.

पुढच्या लेखांकात अहमदाबाद: 1424 ची जामा मशीद आणि सिदी सय्यदच्या दगडी जाळ्या.