गळका व्हरांडा आणि अचौर्य व्रत



आमचा देवळाली कॅम्पातला जुना बंगला ‘ओल्ड ग्रँट’चा. म्हणजे वरचे बांधकाम आपले, खालची जमीन सरकारची. गेल्या पावसाळ्यात पुढचा व्हरांडा चार ठिकाणी गळला. कौले उतरवून स्लॅब टाकायचे घरात ठरले. कॅन्टोन्मेंट हद्दीत असा फेरबदल करायला २००६ च्या कॅन्टोन्मेंट कायद्याप्रमाणे बोर्डाची मंजुरी लागते.

ठेकेदार म्हणाला, “काकू, हिरवे कापड लावतो, शनिवार-रविवारात उरकतो. कोण बघतंय?” ह्यांनाही ते पटले. मला मात्र झोप लागेना. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत खोट्या वजन-मापाच्या शेजारीच ‘विरुद्धराज्यातिक्रम’ आहे, म्हणजे राज्याचा नियम मोडणे. स्वाध्यायात हे मीच सगळ्यांना समजावले होते!

अर्जाची तयारी करताना आमचीच चूक सापडली. जनरल लँड रजिस्टरला नाव अजून सासऱ्यांचेच. त्यांना जाऊन कितीतरी वर्षे झाली, पण वारसांची नावे लावायचे कुणी मनावरच घेतले नाही. आधी ते काम, मग नकाशा, मग मंजुरी. तोवर चातुर्मास लागला. पावसाळ्यात जीवजंतू फार, म्हणून खोदकाम-पाडकाम आम्ही तसेही करत नाही.

यंदाही व्हरांड्यात बादल्या आहेत. ह्यांचे टोमणे चालू आहेत. पण सामायिकाला बसले की मनात खटकत नाही काही.

तुमच्या घरावर कुणाचे नाव आहे, ते आजच बघा गं.