न भेटलेल्या बाईंचं देणं

हेलन सेल्सडन यांना मी कधी भेटलेलो नाही. माझं नाव त्यांच्या कानावर जाण्याचंही काही कारण नाही. तरी माझ्यासारख्या जन्मांध माणसावर वाचनाच्या बाबतीत कुणाचे उपकार, असं विचारलंत तर मी त्यांचं नाव आधी घेईन. न्यूयॉर्कच्या अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड या संस्थेत त्या अनेक वर्षं अभिलेखपाल होत्या आणि अंध-बधिर लेखिका हेलन केलर यांचं तिथलं दप्तर त्यांनी सांभाळलं.

केलरबाई 1924 पासून या संस्थेसाठी झटल्या. 1968 साली त्या गेल्या, तेव्हा त्यांची कागदपत्रं संस्थेकडेच आली. त्याआधी बरंच हरवलंही होतं. 1946 मध्ये कनेक्टिकटमधलं त्यांचं घर जळालं, त्यात आपल्या शिक्षिकेवर, ॲन सलिव्हन यांच्यावर, लिहीत आणलेल्या पुस्तकाचं हस्तलिखित गेलं. ते त्यांनी पुन्हा लिहिलं आणि 1955 साली छापलं. पुढे 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यात हेलन केलर इंटरनॅशनल या दुसऱ्या संस्थेचं कार्यालय उद्ध्वस्त झालं आणि तिथली केलरबाईंची कागदपत्रंही गेली. म्हणून सेल्सडनबाईंच्या कपाटांत जे होतं, त्याचं मोल फार.

पण नुसतं जपून आमच्या पदरात काय पडणार? स्कॅन केलेलं पत्र स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आम्हाला वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला, मुकंच असतं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्रांचा मजकूर टंकून घेण्याचं, छायाचित्रांना वर्णनं जोडण्याचं किचकट काम हाती घेतलं. 2018 मध्ये हा संग्रह इंटरनेटवर खुला झाला, तेव्हा त्यात 1,60,000 हून जास्त प्रतिमा होत्या. (मूळ कागद आता लुइव्हिलच्या अमेरिकन प्रिंटिंग हाउस फॉर द ब्लाइंडकडे आहेत.) केलरबाई 1955 साली भारतात आल्या होत्या. पंडित नेहरूंच्या चेहऱ्यावर बोटं ठेवून त्यांनी त्यांना ओळखून घेतलं, त्या क्षणाचं छायाचित्र या संग्रहात आहे. हात कुठे आहे, चेहरा कुणीकडे वळलाय, हे कळलं की मला ते छायाचित्र पुरतं समजतं. आमच्याच माणसांचा इतिहास आम्हाला कुणा डोळसाची मनधरणी न करता वाचता यावा, हा आग्रह मला फार मोठा वाटतो.

आपल्याकडे मुंबईत ॲना मिलार्ड यांनी 1900 साली अंधांसाठी शाळा काढली. तेव्हापासून किती मुलांनी पाटी-स्टायलसवर निबंध लिहिले असतील, घरी पत्रं धाडली असतील! पण ते जपलं कुणी? माझ्या शाळेतल्या जुन्या ब्रेल वह्या एका उन्हाळ्यात रद्दीत गेल्या. ब्रेलचा कागद जाड, जागा खातो, आणि डोळस माणसाला तो कोराच दिसतो.

म्हणून आता मित्रांची ब्रेल पत्रं मी मागून घेतो. ती एकावर एक रचत नाही, वजनानं उठलेली टिंबं बसतात. कपाटात उभी ठेवतो. वसतिगृहाचे जुने फोटो भाची बघून सांगते. सुरुवातीला ती म्हणायची, “छान आलाय, मामा.” मी म्हटलं, छान राहू दे, कोण कुठे उभंय ते सांग. आता ती रांगेनं सांगते: डावीकडून पहिला, बुटका, हातात तबल्याची हातोडी. मी ब्रेलमध्ये टिपून घेतो आणि नाव विचारायला सांगलीच्या मित्राला फोन लावतो.