हापशीचा वायसर

डाव्या पायाच्या आतल्या घोट्याच्या थोडं वर कातडी आधी काळपट-तपकिरी झाली, मग खाजायला लागली. खाजवून सोललं आणि रुपयाएवढी जखम झाली, ती काही भरेचना.

नागपुरात गोळीबार चौकाच्या बाजूला आमचं छोटं सावजी भोजनालय आहे. अठ्ठावीस वर्षं मी तिथं भट्टीपुढे उभा. सकाळी मसाला भाजायचा, मग रस्सा, मग रात्री अकरापर्यंत पातेल्यातून वाटीत तर्री. दिवसभराचं चालणं म्हणजे भट्टीपासून मसाल्याच्या डब्यांपर्यंत दोन पावलं. रात्री चप्पल काढली की पट्ट्याचे वळ सुजलेल्या पावलावर तसेच राहायचे.

हळद लावून झाली, पावडर झाली. जवळच्याच एका दवाखान्यात वर्षभर मलमपट्टी झाली. शुगर नव्हती. तरी जखम वाढतच गेली. शेवटी भाच्यानं ओढतच मेडिकल कॉलेजला नेलं.

तिथल्या सर्जननं जखमेआधी पाय पाहिला. “उभे राहा, काका.” पोटरीवर निळ्या गाठी तटतटून आल्या. मग त्यांनी बॉलपेन घेतलं आणि माझ्या पावलावरच रेघ ओढली. बोटांच्या मागे शिरांची एक कमान. तिचं आतलं टोक घोट्याच्या हाडासमोरून निघून थेट जांघेपर्यंत जातं. बाहेरचं टोक बाहेरच्या घोट्यामागून गुडघ्याच्या मागे. या वरच्या शिरांमधलं रक्त स्नायूंतल्या खोल शिरांत नेणाऱ्या छोट्या जोडशिरा असतात. त्यातल्या काही नेमक्या घोट्याच्या वर, आतल्या बाजूला. पेन माझ्या जखमेपाशी येऊन थांबलं.

“हृदय रक्त खाली पाठवतं. वर कोण चढवतं?”

मी गप्प.

“पाऊल टेकलं की तळव्याच्या शिरा दाबल्या जातात, मग पोटरी आवळते. रक्त वर जातं. परत खाली येऊ नये म्हणून शिरांत झडपा. हापशी पाहिली ना?”

“पाहिली ना जी. वायसर गेला का कितीबी हापसा, पाणी खालीच जाऊन राहते.”

“तुमचा वायसर गेलाय. आणि तुम्ही हापसतही नाही, नुसते उभे राहता.”

उभ्या माणसाच्या घोट्यापाशी शिरांतला दाब पाऱ्याच्या नव्वदेक मिलिमीटरपर्यंत असतो. चालायला लागलं की निरोगी पायात तो तिसापर्यंत उतरतो. माझा उतरत नव्हता. त्या दाबानं रक्तपेशी बाहेर झिरपतात आणि त्यांतल्या लोहाचा डाग कातडीवर राहतो. डॉप्लरवर तंत्रज्ञानं पोटरी दाबून सोडली, तर पडद्यावर रंगच उलटला. रक्त मागे फिरलं होतं.

विल्यम हार्वे नावाच्या डॉक्टरनं 1628 साली झडपांचं हे काम हाताच्या शिरेवर दाखवलं होतं, असं भाच्यानं सांगितलं. मीही करून पाहिलं. मनगटाकडे एका बोटानं शीर दाबून ठेवली, दुसऱ्या बोटानं तिच्यातलं रक्त कोपराकडे सारलं आणि ते बोट उचललं. मधला तुकडा रिकामाच राहिला. हाताचे वायसर शाबूत होते.

उपचार म्हणजे पट्टी. पण आधी पावलातला धमनीचा प्रवाह तपासला, कारण तोच कमी असेल तर घट्ट पट्टीनं पाय धोक्यात येतो. मग बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत थर चढले, घोट्याशी सगळ्यात घट्ट. एप्रिल-मे, बाहेर नागपूरचं ऊन, समोर भट्टी आणि आत खाज! पट्टी फाडून टाकावीशी वाटे. पाच महिन्यांत जखम मिटली. नंतर बिघडलेली शीर लेझरनं बंद केली. घट्ट मोजे मात्र रोजचे.

आमचे बाबा विणकर. खड्ड्याच्या मागावर बसून हातानं धोटा फेकायचे आणि पायांनी खालच्या पट्ट्या दाबायचे, दिवसभर. त्यांचे पाय म्हातारपणीही स्वच्छ होते. रक्ताच्या नात्याचाही यात वाटा असतो, असं डॉक्टर म्हणतात. पण आमच्या घरात मोजे मलाच लागले. माग बंद झाल्यावर तो खड्डा आम्ही बुजवला आणि त्याच जागी भट्टी मांडली.

आता तिथं उभं राहून तर्री वाढताना मी टाचा वर-खाली करत असतो. गिऱ्हाईक हसतं. “काका, नाचून राहिले का?”

“नाही बाप्पा,” मी म्हणतो, “हापसून राहिलो.”